दिनविशेषाची मासिक पुस्तिका: परिपाठाला उत्तम, परीक्षेला अपुरी

ठाणे स्टेशनाच्या पश्चिमेला स्पर्धा परीक्षांची पुस्तकं विकणाऱ्या स्टॉलवर महिना संपत आला की पुढच्या महिन्याची दिनविशेष पुस्तिका येते. हातात मावेल एवढी, मधोमध दोन पिना मारलेली, एका दिवसाला एक पान. वर घटना, मग जन्म, मग स्मृतिदिन, तळाशी त्यावरचे पाच प्रश्न आणि उत्तरं शेवटच्या दोन पानांवर. वर्गणी भरली तर हेच पान रोज पहाटे फोनवर पीडीएफ होऊन येतं. नौपाडा-कळव्यातल्या अभ्यासिकांच्या फळ्यावर, ऐरोली-कोपरखैरण्याच्या शाळांतल्या परिपाठात आणि गणपतीत सोसायट्यांच्या प्रश्नमंजूषेत 'आजचे दिनविशेष' म्हणून जे वाचलं जातं, त्यातलं बरंचसं याच साच्यातलं असतं.

निकाल आधीच सांगतो. परिपाठासाठी पुस्तिका खुशाल घ्यावी. प्रश्नमंजूषेसाठी घ्यावी, पण प्रश्न पुन्हा लिहून वापरावेत. पोलीस भरती किंवा एमपीएससीसाठी एवढ्यावर विसंबू नये. तिन्ही ठिकाणी अडचण एकच आहे. पुस्तिका तारीख अचूक देते, पण ती तारीख नेमकी कशाची, हे पुष्कळदा अर्धवट सोडते. आणि परीक्षेत प्रश्न त्या सुटलेल्या अर्ध्यावरच येतो.

ठाणेकरांना ओळखीचं म्हणून १६ एप्रिलचं पान घेऊ. नोंद अशी: '१८५३: भारतातील पहिली रेल्वे व्हिक्टोरिया टर्मिनस ते ठाणे धावली.' एका ओळीत दोन चुका. व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकामच १८७८ मध्ये सुरू झालं. गाडी सुटली ती बोरीबंदरहून. दुसरी चूक 'पहिली रेल्वे' या शब्दांत आहे. मद्रासजवळ रेड हिल्सला रस्त्याचा दगड वाहण्यासाठी १८३७ मध्येच रूळ पडले होते आणि रुरकीला सोलानी नदीवरच्या कालव्याच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये वाफेचं इंजिन चाललं होतं. म्हणून 'पहिली प्रवासी रेल्वे' असंच म्हणायला हवं. तो एक शब्द गाळला की उत्तर बदलतं.

या पानावर भरण्यासारखं पुष्कळ होतं. त्या दिवशी शनिवार होता. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी २१ तोफांची सलामी देऊन गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, ३४ किलोमीटरचं अंतर, चालवणारी कंपनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. यातल्या प्रत्येकावर चांगला प्रश्न होतो. पुस्तिकेने मात्र प्रश्न विचारला तो 'प्रवासाला किती वेळ लागला?' असा. छापील साहित्यात याचे ५७ मिनिटं आणि सव्वा तास असे दोन्ही आकडे सापडतात, त्यामुळे हा प्रश्न स्पर्धेत ठेवला की भांडण ठरलेलं. ज्याची दोन उत्तरं छापली गेली आहेत तो प्रश्न कितीही आकर्षक असला तरी गाळावा. त्याच पानावर १८८९ चा चार्ली चॅप्लिनचा जन्म आहे, १८६७ चा विल्बर राइटचा आहे; तोफा आणि इंजिनं मात्र नाहीत. ठाण्यात विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेत ही उणीव बोचते. गाडी पुढे कल्याणला पोहोचली ती १ मे १८५४ ला, ठाण्याची खाडी ओलांडून. महाराष्ट्र दिनाच्या पानावर तिला जागाच मिळालेली नाही.

आता चुकांच्या मुळाशी जाऊ. एका घटनेला एकापेक्षा जास्त तारखा असतात आणि पुस्तिका त्यातली हाती लागेल ती उचलते. कायद्याचंच पाहा. तो मंजूर होतो, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळते, मग एखाद्या दिवशी तो अमलात येतो. माहितीच्या अधिकाराला संमती मिळाली १५ जून २००५ ला आणि तो पूर्णपणे लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला. शिक्षण हक्काची संमती २६ ऑगस्ट २००९ ची, अंमल १ एप्रिल २०१० चा. पुस्तिकेत १५ जून आणि १२ ऑक्टोबर या दोन्ही दिवशी 'माहिती अधिकार कायदा झाला' असंच वाक्य आहे. संविधानाच्या बाबतीत ती थोडी बरी आहे: २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकृती, २६ जानेवारी १९५० ला अंमल, हे ती नीट सांगते. पण नागरिकत्व, निवडणुका यांसारखी काही कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, ही एमपीएससीच्या विधानांच्या प्रश्नात हमखास अडकवणारी गोष्ट गाळते.

उद्घाटन आणि सुरुवात हा दुसरा गोंधळ. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं उडू लागली २५ डिसेंबर २०२५ पासून. 'नवी मुंबई विमानतळ कधी सुरू झाला?' या प्रश्नाला नाताळचा दिवस हेच उत्तर. पुस्तिकेच्या उत्तरात ऑक्टोबर आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला रीतसर सोहळ्याविना सुरू झाली, तेव्हा तिथे हा घोळ होत नाही.

'दिन' नावाच्या नोंदी तर जपूनच वाचाव्यात. राष्ट्रीय क्रीडा दिन हा ध्यानचंद यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट. गणित दिन हा रामानुजन यांचा, २२ डिसेंबर. त्या सवयीने २८ फेब्रुवारीला 'विज्ञान दिन, सी. व्ही. रामन जयंती' असं छापून टाकलेलं असतं. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ हा त्यांच्या शोधाचा दिवस. पत्रकार दिनाचंही असंच: ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, म्हणून तो दिवस. बालिका दिन तर तीन आहेत. ३ जानेवारीला महाराष्ट्रातला, सावित्रीबाईंच्या जयंतीचा. २४ जानेवारीला राष्ट्रीय. ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय. मराठीचेही तीन दिवस लक्षात ठेवावे लागतात: २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, १ मे ला मराठी राजभाषा दिन आणि २०२४ मध्ये केंद्राने अभिजात दर्जा दिला त्या ३ ऑक्टोबरला अभिजात मराठी भाषा दिन. शिवाय २१ फेब्रुवारीचा जागतिक मातृभाषा दिन वेगळा. पुस्तिकेच्या फेब्रुवारी अंकात २७ तारखेला 'मराठी राजभाषा दिन' छापलं आहे. ही चूक इतकी पसरलेली आहे की शाळांच्या फलकांवरही सर्रास दिसते. परिपाठ घेणाऱ्या शिक्षकांनी हे एक पान आधी दुरुस्त करावं.

सर्वांत खोल प्रश्न पंचांगाचा आहे आणि पुस्तिका त्याला हातही लावत नाही. युरोपात १५८२ मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका आली. तिथे ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये घेतली आणि २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर केला. तोवर इंग्रज जुनीच, ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचा फरक पडतो, १७०० नंतर अकरा दिवसांचा. शिवकालाच्या ज्या इंग्रजी तारखा आपण वापरतो त्या या जुन्या दिनदर्शिकेतल्या. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिची ज्युलियन तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आजच्या दिनदर्शिकेने १ मार्च १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ज्युलियन ६ जून १६७४, ग्रेगोरियन १६ जून. एखाद्या संगणकीय परिवर्तकात तिथी घालून '१६ जून' आलं म्हणून कोणी पुस्तिकेला चूक ठरवू नये आणि पुस्तिकेनेही तळटीप द्यायला काय हरकत होती? शिवजयंतीचं पान नुसतं तारीख देऊन मोकळं होतं. तिथी नाही, शक नाही. महाराष्ट्रातल्या पुस्तिकेत हे चालू नये.

शकाचं इसवी सन करण्याची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येक अभ्यासिकेच्या फळ्यावर कायमची लिहून ठेवावी. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवा. राज्याभिषेक ज्येष्ठातला, म्हणून १५९६ अधिक ७८, म्हणजे १६७४. जन्म फाल्गुनातला, फेब्रुवारीत पडलेला, म्हणून १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. सरसकट ७८ मिळवलं की शिवजन्म १६२९ मध्ये जातो. बेरीज बरोबर असूनही उत्तर चुकतं ते असं.

हाच घोळ बाहेरच्या जगाच्या नोंदींतही आहे. २३ एप्रिलला 'शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले' असं पुस्तिका सांगते. इंग्लंड तेव्हा ज्युलियनवर होतं, स्पेन ग्रेगोरियनवर. तारीख एक मानली तरी दोन दिवसांत दहा दिवसांचं अंतर आहे. 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्यही दोन दिनदर्शिका मिसळून जुळवलेलं. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, ग्रेगोरियन. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, ज्युलियन. ग्रेगोरियनने ४ जानेवारी १६४३. रशियाची 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरच्या पानावर का आहे, हे विद्यार्थी विचारतातच. तिथे २५ ऑक्टोबर ही जुनी तारीख कंसात असती तर प्रश्नच पडला नसता.

दिनदर्शिकेनंतर घड्याळ. अपोलो ११ चंद्रावर उतरलं ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २० जुलै १९६९ च्या दुपारी ४ वाजून १७ मिनिटांनी. आपल्याकडे तेव्हा २१ तारखेच्या पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटं झाली होती आणि आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं. पुस्तिका 'उतरले' २० ला देते आणि 'पहिले पाऊल' २१ ला. हे जागतिक वेळेने बरोबर आहे, पण अमेरिकी पुस्तकात दोन्ही २० ला सापडतात. कोणत्या घड्याळाने, हे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. रात्रीच्या घटनांनाही हेच लागू. टायटॅनिक हिमनगावर आदळलं १४ एप्रिलच्या रात्री ११.४० ला, बुडालं १५ एप्रिलच्या पहाटे २.२० ला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. विसर्जनाची रात्र म्हणून लोकांच्या तोंडी २९ राहतो. भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा ठाण्या-मुंबईत लहान मुलालाही ठाऊक असतो. पुस्तिका तो '२६ जुलै रोजी' म्हणून छापते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ९४४ मिलिमीटर हा २७ जुलैच्या सकाळी ८.३० ला संपलेल्या चोवीस तासांचा आकडा आहे. 'चोवीस तासांत' एवढे दोन शब्द घातले की नोंद बिनचूक होते.

चुकीच्या जन्मतारखांचा धोका वेगळा, कारण त्या जुन्या पुस्तकांतून उतरवल्या जातात. राजर्षी शाहू महाराजांची जयंती २६ जून, जन्म १८७४ चा. जुन्या छापील यादीत २६ जुलै सापडतो. या पुस्तिकेने जून बरोबर घेतला आहे, याचं श्रेय द्यायला हवं. तिने १४ फेब्रुवारीची अफवाही टाळली आहे. दरवर्षी त्या दिवशी 'भगतसिंगांना आज फाशी सुनावली' असा संदेश फिरतो. शिक्षा सुनावली गेली ७ ऑक्टोबर १९३० ला, फाशी दिली गेली २३ मार्च १९३१ ला, लाहोरला. यातलं काहीही फेब्रुवारीत घडलेलं नाही. पहाटे फोनवर येणाऱ्या फुकटच्या संदेशांपेक्षा पुस्तिका सरस ठरते ती इथे.

'पहिला', 'एकमेव', 'सर्वांत' या शब्दांच्या नोंदी मात्र शिळ्या होतात. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला अंतराळात गेले, ते पहिले भारतीय. हे कायम राहील. पण ३ एप्रिलच्या पानावर 'एकमेव भारतीय नागरिक' असं अजून छापलेलं आहे. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला निघून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. ते वाक्य तिथेच बाद झालं. आनंदीबाई जोशी यांची नोंदही सैल आहे. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेल्या आनंदीबाई कल्याणच्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या. 'भारतातील पहिली महिला डॉक्टर' एवढ्याने भागत नाही. १८८६ मध्येच कादंबिनी गांगुली यांनीही कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पुरं केलं. 'अमेरिकेत जाऊन एम. डी. पदवी घेणाऱ्या' असं म्हटलं की दोघींचाही मान राहतो.

स्थानिक नोंदी हा या पुस्तिकेचा सर्वांत दुबळा भाग. प्रत पुण्याची असो की ठाण्याची, मजकूर एकच. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाने समासात या नोंदी स्वतः भराव्यात. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पनवेल-उरणच्या जुन्या कागदांवर 'कुलाबा' का दिसतं, त्याचं उत्तर हे. १२ जानेवारीला जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती, म्हणून पान आधीच भरलेलं असतं, पण शिवडी ते न्हावा शेवा अटल सेतूचं उद्घाटनही २०२४ मध्ये त्याच दिवशीचं. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईहून कुर्ल्यापर्यंत हार्बरवर पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना. ९ मे १९९२ ला मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली. २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. १ जून १८९३ हा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा स्थापना दिन. १ ऑक्टोबरला दोन महापालिकांचा वाढदिवस येतो, ठाण्याची १९८२ ची आणि पनवेलची २०१६ ची. ९ नोव्हेंबर २००४ ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. नवी मुंबई महापालिकेच्या बाबतीत पुन्हा तेच दुहेरी प्रकरण: स्थापना १७ डिसेंबर १९९१ ची, कारभार १ जानेवारी १९९२ पासून.

१ ऑगस्टचं पान तर ठाण्याने स्वतःचं करून घ्यावं. १९२० मध्ये त्याच तारखेला लोकमान्य टिळक गेले आणि अण्णाभाऊ साठे जन्मले, हे सगळीकडे असतं. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, हे पुस्तिकेत एका ओळीत आहे, पण त्याचा परिणाम नाही. पंधरा तालुक्यांचा जिल्हा सातांवर आला: ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ. आठ पालघरकडे गेले. ठाणे ग्रामीण किंवा शहर पोलीस भरतीच्या उमेदवाराला तारखेपेक्षा हे सात-आठ जास्त उपयोगी, आणि जुन्या प्रश्नसंचांत अजून पंधराच मिळतात.

परीक्षेचं बोलायचं तर दोन परीक्षांची गरज सारखी नाही. पोलीस भरतीची लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे 'अमुक दिन कधी?' असा सरळ प्रश्न येऊ शकतो आणि पुस्तिकेची दिन-यादी थेट कामाला येते. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीला पाव भाग गुण जातात आणि नुसती तारीख क्वचितच विचारली जाते. घटना कालक्रमाने लावा, जोड्या जुळवा, कोणती विधानं बरोबर, असे प्रश्न येतात. त्यासाठी पुस्तिका उलटी वापरावी. दिवसाचं पान वाचून झालं की घटना एका वहीत विषयवार उतरवा: संविधान, बँका, अंतराळ, समाजसुधारक, रेल्वे. बँकांच्या पानावर १ एप्रिल १९३५ रिझर्व्ह बँकेची स्थापना, १ जानेवारी १९४९ तिचं राष्ट्रीयीकरण, १९ जुलै १९६९ ला १४ बँका, १५ एप्रिल १९८० ला आणखी ६. पुस्तिकेत या चार नोंदी तीन वेगवेगळ्या महिन्यांत विखुरलेल्या आहेत; एकाखाली एक आल्या की कालक्रमाचा प्रश्न आपोआप तयार होतो. वहीला रोज वीस मिनिटं पुरतात. उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करावी, उत्तराचा रकाना हाताने झाकून.

प्रश्नमंजूषेसाठी तळाचे पाच प्रश्न जसेच्या तसे वाचू नयेत. 'अमुक कधी झालं?' या साच्याचे प्रश्न दहानंतर कंटाळवाणे होतात आणि पाठांतर असलेला एकच संघ पळत सुटतो. तारीख प्रश्नात घाला आणि उत्तर दुसरं काही मागा. '१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेल्या गाडीच्या तीन इंजिनांपैकी एकाचं नाव सांगा.' '२९ फेब्रुवारीला जन्मलेले भारताचे पंतप्रधान कोण?' मोरारजी देसाई, १८९६. हा प्रश्न कायम रंगतो, त्याला जोडप्रश्नही आहे: त्यांचा पहिला खरा वाढदिवस कोणत्या वर्षी आला? १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणून १९०४. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जायला हवं. २००० होतं, २१०० नसेल. पुस्तिका मात्र साध्या वर्षी २९ फेब्रुवारीचं पानच काढून टाकते आणि त्याबरोबर मोरारजीही जातात. त्या नोंदी २८ च्या पानावर खाली घ्यायला हव्यात.

प्रत्येक प्रश्न वापरण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. तारीख जन्माची, मृत्यूची की कामाची? मंजुरीची की अंमलाची? १७५२ पूर्वीची असेल तर कोणत्या दिनदर्शिकेची? परदेशातली किंवा मध्यरात्रीची असेल तर कोणत्या घड्याळाची? वीस प्रश्नांना अर्धा तास लागतो आणि मांडवात माइकवर होणारा वाद टळतो.

छपाईबद्दल थोडं. कागद पातळ आहे, मागच्या पानाची शाई पुढे दिसते, त्यामुळे झेरॉक्स काढताना पानामागे काळा कागद धरावा लागतो. फोनवरच्या पीडीएफची अडचण वेगळी: मजकूर युनिकोडमध्ये नाही, म्हणून कॉपी करून गटात टाकायला गेलं की अक्षरांचा चुराडा होतो. पानाचं चित्र पाठवणं किंवा पुन्हा टाइप करणं एवढे दोनच मार्ग. फलकावर लावायचं तर पान ए३ वर मोठं करून घ्यावं, तरीही दहा फुटांवरून वाचायला अक्षर निदान एक इंचाचं हवं. ते ए३ वर पाच-सहा ओळींपलीकडे बसत नाही. म्हणून सगळं पान चिकटवण्यापेक्षा तीन घटना निवडून हाताने लिहिलेल्या बऱ्या. पावसाळ्यात खाडीकाठच्या सोसायट्यांत चार्टपेपर दोन दिवसांत गुंडाळतो. जून ते सप्टेंबर पांढरा फळा आणि मार्कर वापरावा. लॅमिनेशन केलेल्या पानावर जिन्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड पडला की ओळी दिसत नाहीत.

परिपाठाला ती चांगली म्हटली त्याचं कारणही सांगायला हवं. प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा यांच्यामध्ये दिनविशेषाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. पुस्तिकेतली वाक्यं छोटी आहेत, जोडाक्षरं कमी आहेत आणि पाचवीचं मूल ती न अडखळता वाचू शकतं. नावांचे उच्चारही बहुतेक बरोबर लिहिलेले आहेत. एवढं भान या किमतीच्या दुसऱ्या पुस्तिकांत दिसत नाही.

पन्नास रुपयांच्या आत अंक मिळतो. फोनवरची वर्गणी त्याहून महाग पडते आणि मजकूर तोच असतो, तेव्हा छापील घ्यावी. वर्ष पुरं जमवलं की बारा अंक एकत्र बांधून घ्यावेत, कारण जयंत्या आणि घटना त्याच राहतात. मागच्या वर्षीचे अंक स्टॉलवर अर्ध्या किमतीत मिळतात आणि शाळेला तेही चालतात. मात्र त्यात 'एकमेव', 'सर्वांत लांब', 'सध्याचे' हे शब्द दिसतील तिथे आधी पेन्सिल फिरवावी, आणि २७ फेब्रुवारीच्या पानावर 'राजभाषा' खोडून 'भाषा गौरव' लिहावं.